गावाला लागलेला राजा

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशात दक्षिणेकडच्या दोन तालुक्यांत एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा. गावांच्या नावांना जोड लागते ती एकसारख्या नावांचा घोळ टाळण्यासाठी. देऊळगाव राजापासून जवळच देऊळगाव मही आहे आणि मेहकर तालुक्यात देऊळगाव साकर्शा. सिंदखेडेही एकाहून जास्त: एक माहूरकडे, आणि धुळे जिल्ह्यात शिंदखेडा. महाराष्ट्रभर अशा वेळी बुद्रुक आणि खुर्द हे फारसी शब्द कामाला येतात, थोरले आणि धाकटे या अर्थाने. पण इथे लोकांनी थोरले-धाकटे केले नाही. त्यांनी गावालाच ‘राजा’ म्हटले आणि तो शब्द एसटीच्या पाटीपासून तहसिलीच्या शिक्क्यापर्यंत सगळीकडे कायम झाला.

असा प्रकार इंग्लंडमध्येही आहे. त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे गाव आहे. पहिल्या एडवर्ड राजाने १२८४ साली त्याला सनद दिली आणि ‘लाइम’ला ‘रीजिस’ ही शेपटी लागली. तशीच दुसरी शेपटी अगदी अलीकडची. पाचवा जॉर्ज आजारातून उठल्यावर बॉग्नर गावाजवळ हवापालटासाठी राहिला, म्हणून १९२९ साली ते गाव बॉग्नर रीजिस झाले. ‘रीजिस’ हे लॅटिनमधल्या ‘रेक्स’ शब्दाचे षष्ठीचे रूप, अर्थ ‘राजाचे’. आणि ‘रेक्स’ व आपला ‘राजन्’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. भाषाशास्त्राच्या पहिल्या धड्यात ही जोडी शिकवतात. म्हणजे सिंदखेड आणि बॉग्नर या दोन गावांना हजारो मैलांच्या अंतरावर एकच शब्द जोडलेला आहे. फरक इतकाच की लॅटिनला षष्ठी लावावी लागली. मराठीने प्रत्ययसुद्धा घेतला नाही. सिंदखेड ‘राजाचे’ म्हणण्याऐवजी लोकांनी सरळ सिंदखेड राजा म्हटले.

गंमत अशी की इंग्रजी भाषेने स्वतःच्या राजासाठी हा शब्द वापरलाच नाही. ‘किंग’ हा शब्द त्यांच्या कुळवाचक जुन्या शब्दावरून आला. ‘कुळातला’, ‘कुळात जन्मलेला’ हा त्याचा मूळ भाव. राज्य करणे ही क्रिया त्यात नाही, जन्म आहे. मराठीत तो भाव ‘राजा’त नाही, तर त्याच्यापासून निघालेल्या शब्दांत आहे, आणि हे कुटुंब फार मोठे आहे. राजन् वरून प्राकृतातून राय आणि राव. राज्ञीची झाली राणी. राजपुत्राचा झाला राऊत, तो आज आडनाव म्हणून विदर्भात घरोघरी आहे. राजकुलाचे झाले राऊळ. आधी राजाचा वाडा आणि मग देवाचे मंदिरही. त्याच वाटेने देवकुलाचे झाले देऊळ. तेव्हा ‘देऊळगाव राजा’ हे नाव उच्चारताना आपण देवकुल आणि राजा असे दोन जुने शब्द शेजारी शेजारी ठेवतो. तिथल्या बालाजीच्या संस्थानाशी जाधवांच्या राजघराण्याचे नाव जोडलेले असल्यामुळे ही दोन्ही नावे तिथे शोभतातही.

जाधव या शब्दाचीही वाट अशीच सरळ आहे. संस्कृतातला आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, यवाचा जव, तसा यादवाचा जाधव. देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगणारे सिंदखेडचे जाधव हे घराणे म्हणजे या सगळ्या गावांच्या मागचा ‘राजा’. त्यांच्या नावात राजाचे दुसरे रूपही बसलेले आहे: जाधवराव. एकाच घराण्याला ‘राव’ आणि त्याच घराण्याच्या गावांना ‘राजा’, दोन्ही शब्द एकाच झाडाचे.

लखुजी जाधवराव हे या घराण्याचे सर्वांत मोठे नाव. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती आणि निजामशाहीत त्यांचा दरारा होता. काही काळ ते मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे आले. २५ जुलै १६२९ या दिवशी दौलताबादच्या किल्ल्यात भेटीला बोलावून निजामशहाने त्यांना मारवले. सोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे, आणि नातू यशवंतराव. दत्ताजी हा मुलगा त्याआधीच खंडागळ्यांच्या हत्तीवरून पेटलेल्या भांडणात गेला होता. एका दिवसात एका घराण्यातल्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. सिंदखेडातली लखुजींची भव्य समाधी पाहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न यावा असे मला वाटते: इतक्या वारानंतर वारसा चालला कसा?

तो चालला, कारण आपल्याकडे वारसा एकाच धाग्यावर टांगलेला नव्हता. लखुजींच्या मागे घराण्यातले बरेच जण मोगलांकडे गेले. घराण्याला शाखा फुटल्या आणि शाखा गावोगाव राहिल्या. सिंदखेड, देऊळगाव, किनगाव, मेहुणा, आडगाव ही त्या शाखांची गावे. ज्या गावी शाखा बसली तिथला कर्ता पुरुष राजे झाला, म्हणून गावही राजा झाले. थोरला राजा आणि धाकटे नुसतेच भाऊ अशी वाटणी इथे झाली नाही. राजेपण प्रत्येक वाड्यात पोहोचले. आजही त्या कुळातले लोक ‘राजे जाधव’ म्हणूनच ओळखले जातात.

इंग्लंडची रीत याच्या नेमकी उलट आहे आणि तिचे शब्दही उलटे आहेत. तिथे किताबाला गावाचे किंवा प्रांताचे नाव लागते: अमुकचा ड्यूक, तमुकचा अर्ल. आणि त्या गावाशी किताबवाल्याचा संबंध असायलाच हवा असेही नाही. डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा चॅट्सवर्थ हा डर्बीशायरमध्ये आहे. आपल्याकडे गावाला किताब लागला. तिथे किताबाला गाव लागले.

त्या किताबांच्या शब्दांतही इतिहास भरलेला आहे. ‘ड्यूक’ लॅटिनमधल्या सेनानायकाच्या शब्दावरून. ‘मार्क्विस’ सरहद्दीच्या मुलखावरून. ‘अर्ल’ तेवढा जुना घरचा, त्यामुळे नॉर्मन लोक आले तेव्हा त्यांच्या ‘काउंट’ला इंग्लंडात जागाच मिळाली नाही, पण अर्लची बायको मात्र ‘काउंटेस’ झाली. आणि सगळ्यांना लागू पडणारा ‘लॉर्ड’ हा जुन्या इंग्रजीत ‘पावाचा राखणदार’ असा जोडशब्द होता. पदरच्या माणसांना भाकरी पुरवणारा तो धनी. हाच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा ‘लाट’ झाला, आणि ‘लाटसाहेब’ म्हणजे कामाला हात न लावणारा मिजासखोर. भाकरी राखणाऱ्याचा हा अर्थ झाला, यातून आपल्या लोकांनी गोऱ्या साहेबाला कसे पाहिले ते कळते.

हा लॉर्डपणा खाली उतरतो तो एकाच माणसाकडे. बहुतेक किताबांत बापामागे थोरला मुलगा, तो नसेल तर त्याचा मुलगा, ती शाखा संपली तर पुढची. धाकटे मुलगे कायद्याच्या दृष्टीने सामान्य माणसे. मुलीला सहसा काही नाही. दत्तकाला तर नाहीच. दत्तक मुलगा इंग्लंडात उमरावाच्या किताबाचा वारस आजही होत नाही. या रीतीमुळे किताब तुटत नाही, वाटला जात नाही, पण संपतो लवकर. म्हणून किताबाची अवस्था सांगणारे शब्दही त्यांच्याकडे खास आहेत. वारस कोण हे ठरत नसेल तर किताब ‘झोपलेला’ असतो, पुरुषवंश खुंटला तर तो ‘विझलेला’. नव्या वारसाला २००४ पासून उमरावांच्या अधिकृत यादीत आपले नाव पुराव्यानिशी नोंदवून घ्यावे लागते. नोंद नसेल तर सरकारी कागदावर तो किताब लिहिता येत नाही. आपल्या तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला ही भानगड समजायला अवघड जाणार नाही. १९९९ च्या कायद्याने यातल्या बहुतेकांचा लॉर्ड्सच्या सभागृहात बसण्याचा वंशपरंपरागत हक्क गेला, ९२ जण तेवढे ठेवले. त्याआधी १९६३ साली किताब सोडून देण्याची मुभा देणारा कायदा झाला होता. टोनी बेन यांनी त्या वर्षी स्टॅन्सगेटचा व्हायकाउंटपणा सोडला आणि लोकांनी निवडून दिलेला सभासद म्हणून राहणे पसंत केले. पण सोडणाऱ्याच्या हयातीपुरतेच ते सोडणे. २०१४ साली बेन गेले आणि किताब मुलाकडे पोहोचला.

मुंबईत इंग्रजी पद्धतीचा असा वंशपरंपरेचा मान पहिल्यांदा आला तो जमशेटजी जीजीभाईंना, १८५७ साली, बॅरोनेट म्हणून. पुढे १८६० मध्ये त्यासाठी खास कायदा झाला आणि त्यात अशी अट आली की जो कोणी वारस होईल त्याने स्वतःचे नाव टाकून जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यावे. म्हणजे किताबाबरोबर माणसाचे नावही वारशात गेले.

मराठी मुलखात असे एकट्याकडे उतरणारे मान कमी. इथे जे उतरायचे ते वतन. अरबीत या शब्दाचा अर्थ जन्मभूमी, उर्दूत आजही तोच. मराठीने त्याचा अर्थ बदलून घेतला: पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात चालणारे गावकामाचे पद आणि त्याबरोबरचे उत्पन्न. माणसाचे गाव आणि माणसाचा हक्क यांत अंतर नाही असे ज्या समाजाला वाटत होते, त्याने हा अर्थ घडवला. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य. मुख इथे प्रमुखातले. पाटील हा ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’ शब्दाचा वंशज. कुलकर्ण्यातले ‘करण’ म्हणजे लेखनकाम. आमच्या भागात त्या लेखनाचे काम करणाऱ्याला पटवारी म्हणत. सरकारने तलाठी म्हणायला सुरुवात करून किती काळ लोटला, तरी जुनी माणसे अजून पटवारीच म्हणतात.

आणि वतन वाटले जायचे. त्या वाटणीसाठी ‘तक्षीम’ हा शब्द होता, अरबीतल्या तक्सीमवरून आलेला. वाटा असणारा तो तक्षीमदार. घराण्याच्या शाखेला ‘पाती’ म्हणत, थोरली पाती आणि धाकटी पाती. अर्धी पाटीलकी विकल्याचे आणि घेतल्याचे कागद जुन्या दप्तरांत सापडतात. उत्पन्न वाटता येते. शेत वाटता येते. मान कसा वाटायचा? तिथे खरी भांडणे पेटायची. होळीला पहिला अग्नी कोणी द्यायचा, शिमग्याची पोळी कोणाची, विड्याचे पहिले पान कोणाच्या हातात, आणि पोळ्याला तोरण कोणाच्या बैलाने तोडायचे. वऱ्हाडात पोळ्याचा मानाचा बैल ही लहान गोष्ट नाही. त्या बैलाच्या मागे दोन पात्यांचा वाद उभा असे, गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा ‘महजर’ लिहिला जाई. उमरावांच्या दरबारात कोणी कोणाच्या पुढे चालायचे यावर लंडनमध्ये जे वाद झाले, त्यांच्यापेक्षा हे वाद कमी गंभीर नव्हते. शिवकाळानंतर आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांना तर वतनदार म्हणजे राज्याचे लहान लहान भागीदारच वाटले, आणि त्यांना धाकात ठेवावे पण तोडू नये असा त्यांचा सल्ला होता.

वाटणीची ही रीत होती म्हणूनच आपल्याकडे पदांची आडनावे झाली. मला हा या चर्चेतला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. चार भाऊ असले तर चौघेही देशमुख, त्यांची सोळा नातवंडेही देशमुख. इंग्लंडात ड्यूकचे घराण्याचे नाव वेगळे असते आणि किताब वेगळा. धाकट्या मुलाच्या मुलाला किताब मिळत नाही, आडनाव तेवढे उरते. इथे किताबच आडनाव झाले, म्हणून तो कोणाकडून हिरावून घेता आला नाही. वऱ्हाडात देशमुख हे तर एका समाजाचेही नाव झाले आहे. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातले महसुली पाटीलपद संपले. पाटील आडनावाला त्याने काहीही झाले नाही. मराठा राज्याच्या मोठ्या पदांतही हेच घडले. सचिव हे पद भोरच्या घराण्याचे नाव झाले, प्रतिनिधी औंधच्या घराण्याचे. उत्तरेत बादशहा ज्याच्या मुठीत होता त्या महादजी शिंद्यांना ‘पाटील’ म्हणवून घेण्यात आनंद होता, कारण तो शब्द त्यांच्या घरचा होता. दिल्लीहून आणलेले किताब पाहुणे होते.

इंग्रजांनीही इथले शब्द वापरले. ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ हे त्यांनी वाटलेले किताब. जुना राव, अरबी साहेब आणि फारसीतून आलेला बहादूर असे तुकडे जोडून ते तयार झाले आणि ते माणसापुरतेच होते; माणूस गेला की किताब गेला. पण लोकांनी त्यातूनही वाट काढली. त्यांनी मुलांची नावेच रावसाहेब ठेवली.

आता पुन्हा सिंदखेड राजाच्याच तालुक्यात जायचे आहे. साखरखेर्डा हे गाव. १७२४ च्या ऑक्टोबरात इथे मोगल सुभेदार मुबारिजखान आणि निजाम-उल्-मुल्क यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा नाव दिले गेले, आणि दख्खनेत निजामाचे स्वतंत्र घराणे उभे राहिले. लोकांनी मात्र फत्ते टाकून साखर परत आणली. पुढच्याच वर्षी बादशहाकडून ‘आसफजाह’ हा किताब आला. मूळ नाव मीर कमरुद्दीन. पण इतिहासात तो माणूस किताबानेच राहिला. ‘निजाम-उल्-मुल्क’ म्हणजे मुलखाची घडी बसवणारा, एका कारभाऱ्याला दिलेला शब्द. मुलगे-नातवांकडे तो असा चालत राहिला की ‘निजाम’ हे घराण्याचेच नाव झाले. त्याच्याही दोनशेहून जास्त वर्षे आधी हेच घडले होते. अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन बहमनींच्या दरबारात निजाम-उल्-मुल्क होता. म्हणजे लखुजींना मारणारा निजाम आणि साखरखेर्ड्याला जिंकणारा निजाम यांचे रक्ताचे काही नाते नाही. दोन वेगळ्या कुळांनी एकच किताब नाव म्हणून पांघरला. शाळेतल्या मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो आणि त्यांना कोणी हे नीट समजावून सांगत नाही.

याच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. ‘वऱ्हाड’ शब्दाची व्युत्पत्ती ऐन-इ-अकबरीत दिलेली आहे: वरदातट, वर्धा नदीचा काठ. लग्नाच्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध लावून रुक्मिणीच्या कथा सांगतात त्या गोड आहेत, पण नदीचा आधार मला जास्त पक्का वाटतो. फारसीत त्याचे ‘बरार’ झाले आणि इंग्रजीत ‘बेरार’. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी बेरार ताब्यात घेतले. १९०२ साली कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. त्यानंतर निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लावला.

डलहौसी आणि कर्झन या दोघांच्या स्वतःच्या किताबांचे काय झाले, हे बुलढाण्याच्या वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. डलहौसी हा आपल्या बापाचा तिसरा मुलगा. दोन थोरले भाऊ वारले म्हणून अर्लपण त्याच्याकडे आले. १८४९ साली पंजाब घेतल्याबद्दल तो मार्क्विस झाला. हाच तो गव्हर्नर जनरल, ज्याने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर व झाशी ही राज्ये औरस पुत्र नाही म्हणून खालसा केली. ‘खालसा’ हा अरबीतला शुद्ध, निर्भेळ या अर्थाचा शब्द. दुसऱ्या कोणाचा हक्क नसलेली, निव्वळ सरकारची जमीन ती खालसा. डलहौसीच्या कारकिर्दीनंतर मराठी माणसाला या शब्दात फक्त बुडालेली राज्ये ऐकू येतात. १८६० साली डलहौसी मरण पावला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपण तिथेच विझले. जुने स्कॉटिश अर्लपण तेवढे एका चुलत नात्यातल्या माणसाकडे गेले. दत्तकाची सोय त्याच्या स्वतःच्या समाजात नव्हती. साताऱ्यात आणि झाशीत ती शतकानुशतके धर्माने आणि रूढीने मान्य होती. त्याने आपल्या घरचा नियम दुसऱ्याच्या घराला लावला, हे त्या धोरणातले मोठे अन्यायाचे मूळ आहे असे मला वाटते. आमचे वऱ्हाड त्या नियमाने गेले नाही, कर्जापोटी गेले. पण घेणारा हात तोच.

कर्झनचीही गोष्ट तशीच. तो १९२१ साली मार्क्विस झाला, त्याला तीन मुली. १९२५ साली तो वारला आणि मार्क्विसपण व अर्लपण दोन्ही संपले. काही किताब पुतण्याकडे गेले. रेव्हन्सडेलची बॅरनी मात्र त्याने आधीच मुलींकडे जाईल अशी खास तरतूद करून घेतली होती, ती थोरल्या मुलीला मिळाली.

मग तिसरा. २६ ऑक्टोबर १९३६ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात बेरारचा करार झाला. लिनलिथगोला मुलगे होते, दोन, आणि ते जुळे. त्यातला आधी जन्मलेला पुढचा मार्क्विस झाला. या करारात निजामाचे बेरारवरचे सार्वभौमत्व कागदावर मान्य करून कारभार इंग्रजांकडेच ठेवला. मोबदल्यात दोन किताब. निजाम आता ‘हैदराबाद आणि बेरार’चा निजाम, आणि त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’. इंग्लंडच्या युवराजाला १३०१ पासून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात, त्याच साच्यातला हा शब्द. अशा रीतीने बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे चार जिल्हे एका युवराजाच्या नावात गेले.

तो युवराज म्हणजे आझम जाह. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात त्याचे लग्न तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या मुलीशी, दुर्रुशेहवार हिच्याशी झाले होते. नावात वऱ्हाड असलेल्या या माणसाला वऱ्हाडवर कोणताही अधिकार नव्हता, आणि पुढे निजामपणही त्याच्या वाट्याला आले नाही. उस्मान अली खानाने मुलाला वगळून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस ठरवले. फेब्रुवारी १९६७ मध्ये उस्मान अली खान वारला, नातू गादीवर आला, आणि वऱ्हाडचा युवराज १९७० साली युवराज म्हणूनच गेला. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारला. आज मलकापूर-खामगावच्या बाजारात ‘प्रिन्स ऑफ बेरार’ कोण असे विचारले तर क्वचितच कोणी उत्तर देईल. वर सांगितलेल्या इंग्रजी रीतीचा हा अगदी स्वच्छ नमुना: किताबाला गावाचे नाव, आणि गावाला किताबाची ओळख नाही.

सिंदखेड राजाचे उलट आहे. तिथे जाधवरावांची सत्ता जाऊन शतके झाली, तरी ‘राजा’ गावातून गेला नाही. आणि त्या गावाला आज देशभर ओळख मिळाली आहे ती मुलाकडून नाही, मुलीकडून. लखुजींची मुलगी जिजाबाई, जन्म १२ जानेवारी १५९८. जुन्या कागदांत त्या ‘आऊसाहेब’ आहेत. आऊ म्हणजे आई, आणि साहेब हा अरबी शब्द मराठीने बायकांनाही दिला. देशमुखी, मनसब, वतन, किताब यांतले काहीही मुलगी म्हणून त्यांच्याकडे उतरणार नव्हते. तरी लखुजींचा वारस कोण असे विचारले तर महाराष्ट्र एकच नाव घेतो. दर वर्षी १२ जानेवारीला लाखो माणसे तिथे येतात. लोक जिल्ह्यालाच ‘मातृतीर्थ’ म्हणू लागले आहेत. हा किताब कोणत्याही सनदेने दिलेला नाही.

आणि ‘राजा’ शब्दाचा सगळ्यांत मोठा विस्तार तर वऱ्हाडी बोलीने केला. मित्रहो, लोकहो म्हणतात तसे इथे ‘राजेहो’ म्हणतात. शेतात निंदणाऱ्या बायांना, कापसाच्या गाडीवर बसलेल्या गड्यांना, चहाच्या टपरीवर जमलेल्या पोरांना, सगळ्यांना तोच शब्द. ‘काय सांगू राजेहो’ म्हणून गोष्ट सुरू होते. एकट्याला ‘राज्या’. यात खुशामत नाही. बरोबरीच्या माणसाला बोलावण्याची ही रोजची रीत आहे. जो किताब इंग्लंडात एका माणसाकडून एकाच माणसाकडे जातो आणि जाधवांच्या गावांत शाखाशाखांना मिळाला, तो वऱ्हाडीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला मिळतो.

एक मागणे आहे. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव, मेहुणा, आडगाव आणि आसपासच्या खेड्यांत अनेक घरी जुन्या पेट्यांत मोडीतले कागद आहेत: वंशावळी, महजर, वाटणीपत्रे, मानपानाचे निवाडे. वाळवी आणि ओल यांना ते जास्त दिवस पुरणार नाहीत. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी ते विकू नयेत, जाळू नयेत. मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्यावेत, छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि घरात ऐंशी वर्षांचे कोणी असेल तर पाती, तक्षीम, मानाचा बैल या शब्दांचा त्यांच्या गावात नेमका अर्थ काय होता, ते विचारून आजच लिहून ठेवावे.